जुन्या जीटीओला कुठला सायलेन्सर? खर्ज हवा, भणभण नको

वुडवर्डकर

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी १९६८ सालची पॉन्टिअॅक जीटीओ, म्हणजे जुनी अमेरिकन मसल कार, घेतली. ४०० क्यूबिक इंचांचं, म्हणजे ६.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, क्वाड्राजेट कार्बोरेटर, तीन गिअरचं ऑटोमॅटिक. मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. गाडीच्या चासी नंबरात 'पी' अक्षर आहे, म्हणजे ती तयार झाली इथून जवळच असलेल्या पॉन्टिअॅक गावातल्या कारखान्यात. डेट्रॉईटहून निघालेला वुडवर्ड अॅव्हेन्यू थेट त्या गावापर्यंत जातो. गाडी घराजवळच राहिली याचं मला फार अप्रूप आहे.

आता मूळ मुद्दा. २००१ च्या ऑगस्टमध्ये मला इथे येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. रूममेट मला वुडवर्ड ड्रीम क्रूझला घेऊन गेला. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्या या रस्त्यावर उतरतात. सिग्नलला एक हिरवी जीटीओ येऊन थांबली. आवाज मोठा नव्हता हो, हे मला आजही पक्कं आठवतंय. डग्ग्यावर तळहात सरकवून घुमारा काढावा तसा तो छातीत आधी आला आणि कानात नंतर. सिग्नल सुटला, ती निघाली, आणि त्या घुमाऱ्याचीच हळूहळू गर्जना झाली. मधे कुठेही आवाज फाटला नाही. तोच आवाज मला हवाय.

गाडी घेतली तेव्हा जुने पाईप मिठाने सडलेले होते (इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात). जवळच्या एका दुकानात दिली, नाव घेत नाही. त्यांनी तिथल्या तिथे पाईप वाकवून बसवले. प्रत्येक वळणावर पाईप चपटा झालाय. शेवट मागच्या अॅक्सलच्या आधीच कापून खाली वळवलाय. सायलेन्सर, म्हणजे इथल्या भाषेत मफलर, कुठला बसवला ते धड सांगितलंही नाही. आता उभी असताना गाडी बरी वाटते, पण ताशी ५५ मैलांना अशी भणभण सुरू होते की अर्ध्या तासात डोकं धरतं. बायको एकदा बसली, पुन्हा नाही बसली.

सगळं काढून नव्याने करायचंय. कुठला सायलेन्सर घेऊ? दोन्ही बाजूंचे पाईप जोडायला एच-पाईप की एक्स-पाईप (त्या अक्षरांच्या आकाराचा जोड)? आणि जुने बिडाचे मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून पाईपात सोडणारा भाग) काढून त्या जागी वेगवेगळ्या नळ्यांचे हेडर लावावेत का?

कानसेन

मी पुण्यात वाहनांच्या आवाज-कंपनावरच काम करतो, म्हणून राहवलं नाही. सायलेन्सरचं नाव शेवटी ठरवा. तो आवाज जन्मतो कुठे ते आधी बघू.

तुमच्या पॉन्टिअॅकचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ९० अंश फिरला की एक स्फोट, म्हणजे पूर्ण इंजिनाचा ठेका अगदी समान आहे. पण डावी बाजू, म्हणजे १, ३, ५, ७, वेगळी काढून बघा. एकनंतर तीन येतो २७० अंशांनी, पुढे पाच १८० ने, सात ९० ने आणि परत एक १८० ने. लांब, मध्यम, आखूड, मध्यम. उजव्या बाजूलाही हेच, फक्त सम वेगळी पडते. दोन्ही बाजूंना वेगवेगळे पाईप असले की प्रत्येक पाईपमधून हा असमान ठेका बाहेर पडतो. ७०० आरपीएमच्या आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, तो सेकंदाला जवळजवळ सहा वेळा फिरून येतो. तुमच्या छातीत आला तो हाच. फेरारीच्या व्ही-८ चा क्रँक वेगळा असतो, तिथे प्रत्येक बाजू सम अंतराने पेटते, म्हणून ती किंचाळते पण घुमत नाही.

म्हणजे घुमारा इंजिनात आधीच आहे. पुढचा प्रत्येक भाग त्यातलं काय ठेवतो आणि काय खातो एवढाच प्रश्न. एक विनंती: इंटरनेटवरचे व्हिडिओ ऐकून निवडू नका. फोनचा एवढासा माईक ५० हर्ट्झच्या खालचं नीट पकडतच नाही, आणि तुम्हाला हवंय ते नेमकं तिथे आहे.

आणि एक विचारतो: थंड इंजिन सुरू केल्यावर टक-टक असा आवाज येतो का?

पाना_पक्कड

कानसेन यांनी पाया घातला, मी लोखंडाचं बोलतो. ओहायोत राहतो, तीस वर्षं याच गाड्यांच्या खाली झोपतोय.

हेडर लावू नका. पातळ नळ्यांचे हेडर ताकद देतात हे खरं, पण ते वाजतात. बिडाचा जाड मॅनिफोल्ड वरचा कर्कश भाग गिळून टाकतो, आणि तुम्ही ज्याला खर्ज म्हणताय तो शिल्लक राहतो. शिवाय या इंजिनात हेडरचे गॅस्केट वर्षाआड फुंकतात, स्टार्टरजवळ जागा उरत नाही. जास्त प्रवाह हवाच असेल तर पॉन्टिअॅकच्या रॅम एअर मॅनिफोल्डच्या नव्याने ओतलेल्या प्रती मिळतात. बिडाच्याच, पण आतून मोकळ्या. तुमच्या हेडचे पोर्ट डी आकाराचे आहेत की गोल ते बघून मागवा.

पाईप अडीच इंची, दोन्ही बाजूंना स्वतंत्र. तीन इंची या इंजिनाला नको, आवाज पोकळ होतो आणि अॅक्सलवरून नेताना जीव जातो. वळणं मँड्रेलवर वाकवलेलीच घ्या, म्हणजे आतला व्यास कायम राहतो. तुमच्या दुकानदाराने केलं ते चेपून वाकवणं.

सायलेन्सरमध्ये तीन घराणी आहेत. ग्लासपॅक म्हणजे सरळ भोकाची नळी आणि भोवती काचतंतू. पहिली दोन वर्षं छान, मग तंतू जळून उडतात आणि आवाज दरवर्षी वाढत जातो. दुसरं चेंबरवालं, फ्लोमास्टर ४० सीरिज वगैरे. आत फक्त पत्र्याचे पडदे, लाटा एकमेकींवर आपटून मरतात. वर्षानुवर्षं आवाज तसाच राहतो, कडक आणि ठोकदार असतो, पण गाडीच्या आत सर्वांत जास्त घुमतो तो हाच. तिसरं टर्बो. नावावर जाऊ नका. साठच्या दशकात टर्बोचार्ज केलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरला कंपनीने मोकळा सायलेन्सर दिला होता, हौशी लोक तो सुट्या भागांच्या काउंटरवरून घेऊन आपल्या व्ही-८ ना लावायचे, तेव्हापासून त्या जातीला टर्बो म्हणतात. आत वायू एस आकारात तीन नळ्यांतून फिरतो. तुमचं वर्णन वाचून मी डोळे मिटून टर्बो सांगेन.

आणि एच-पाईप. एक्समध्ये दोन्ही बाजूंचे प्रवाह पूर्ण मिसळतात, कानसेन म्हणतात तो लांब-आखूड ठेका पुसला जातो, आवाज गुळगुळीत आणि उंच होतो. एच फक्त दाब सारखा करतो, ठेका ठेवतो. एचची जागा शोधायची जुनी पद्धत म्हणजे नव्या पाईपवर साध्या रंगाचा पट्टा मारायचा, गाडी जोरात पळवून आणायची, रंग जिथे सर्वांत जास्त जळला तिथे जोड घालायचा. मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा गिअरबॉक्सच्या लगेच मागे आलं.

निळी_मस्टँग

माझी ६६ ची मस्टँग, २८९ इंजिन, मी स्वतः चालवते आणि बरीचशी दुरुस्तीही स्वतः करते. आवाजाआधी एक गोष्ट लिहिते, कारण वरच्या पोस्टमध्ये ती वाचून पोटात गोळा आला.

पाईप अॅक्सलच्या आधी कापलाय असं लिहिलंय. अर्ध्या तासात डोकं धरतं असंही लिहिलंय. त्या दोन्हीचा संबंध असू शकतो! गाडीखाली सोडलेला धूर गाडीबरोबरच चालतो, मागे हवेचा दाब कमी असतो, आणि जुन्या गाडीच्या डिकीचं रबर, फ्लोअरची बुचं, सगळं कुजलेलं असतं. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. माझ्या मुलीला मागच्या सीटवर मळमळायचं, आम्ही समजत होतो गाडी लागते. घरातला कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मागच्या सीटवर ठेवून चक्कर मारली तर तो वाजला. दुसऱ्या दिवशी पाईप थेट बंपरच्या बाहेर नेले आणि डिकीचं रबर बदललं.

तोवर खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणजे झालं असं नाही, तोवर गाडी चालवूच नका, प्लीज.

वुडवर्डकर

निळी_मस्टँग, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल अलार्म ठेवून फक्त गल्लीत चक्कर मारली. पाच मिनिटांत आकडा चढायला लागला. गाडी गॅरेजमध्ये लावली आहे, आता पाईप बदलल्याशिवाय बाहेर काढणार नाही.

कानसेन, टक-टक येते! थंड असताना दोन-तीन मिनिटं, मग नाहीशी होते. मला वाटायचं टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) वाजतोय.

बाबा सध्या इथेच आहेत. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणाले, बागेतला पाईप आण. तीन फूट रबरी पाईप कापला, एक टोक कानाला, दुसरं हातात. मी गाडी सुरू केली आणि ते मॅनिफोल्डच्या कडेने एकेक सिलेंडरजवळ टोक फिरवत गेले, डोळे बंद करून. डाव्या बाजूला अगदी मागे, सात नंबरला थांबले. "इथनं फुसफुसतंय बघ." पाईप माझ्या कानाला लावला. टक, टक, टक, इतकं स्पष्ट की मी दचकलो. टॉर्च मारून बघितलं तर तिथल्या बोल्टचं डोकंच नव्हतं, आणि हेडवर काळ्या काजळीचा पंखा उमटलेला. गरम झाल्यावर बीड फुगतं आणि फट बुजते, म्हणून आवाज जायचा.

बाबा एवढंच म्हणाले, "आधी हे बुजव, मग सायलेन्सरचं बोल."

सातारकर_टेक्सासात

बाबांना नमस्कार सांगा!

माझा अनुभव: ६९ ची कॅमारो, ३५० इंजिन, चेंबरवाले ४० सीरिज. दहा सेकंद ऐकून घेतले होते, पार्किंगमध्ये अंगावर काटा आला होता. मग ह्यूस्टनहून ऑस्टिनला निघालो. अडीच-तीन तास. पोचल्यावर आम्ही दोघं एकमेकांशी ओरडून बोलत होतो आणि कळतही नव्हतं. आठ महिन्यांत काढून टाकले. उभ्या गाडीचा आवाज दिवसातून दोन मिनिटं ऐकतो, चालत्या गाडीचा दोन तास. त्या दोन तासांसाठी घ्या.

अजून एक विचारायचंय. त्या हिरव्या जीटीओचं आयडल लडखडणारं होतं का, धबक-धबक-थांब-धबक असं? कारण ते सायलेन्सरने येत नाही, कॅमशाफ्टने, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याने येतं. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहिले की आयडल तसं होतं. पण मग इंजिनाचं व्हॅक्यूम पडतं, आणि पॉवर ब्रेक त्यावरच चालतो. माझं १८ इंचांवरून ११ वर आलं, आणि पॉवर ब्रेकला लाथ मारावी लागायला लागली.

वुडवर्डकर

नाही, लडखडत नव्हती. एकसारखी, संथ. कॅमला हात लावत नाही मग.

नादखुळा

कोल्हापूरहून नमस्कार. भावांनो, माझ्याकडे चुलत्यांची कॉन्टेसा आहे, १.८ इसुझूवाली. सगळे तिला देशी मसल कार म्हणतात. वर सांगितलेलं टर्बो, एच-पाईप असलं काही लावून तसा घुमारा येईल का? इथे एक जण सरळ पाईप टाकून देतो म्हणतोय.

पाना_पक्कड

नादखुळा, गाडी जपलीत हेच मोठं काम केलंय. पण चार सिलेंडरांचं इंजिन दर १८० अंशांनी सारखं पेटतं. लांब-आखूड ठेका त्यात नाहीच, तर पाईप तो आणणार कुठून? एच घालायला दुसरी बाजूही नाही. सरळ पाईपने फक्त ठणाणा वाढेल.

कानसेन

शिवाय भारतात कंपनीचा सायलेन्सर काढून असला पाईप टाकणं बेकायदा आहे. पुण्यात पोलिसांनी बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले तुम्ही पाहिले असतीलच. पण कॉन्टेसाचा स्वतःचा आवाज चांगला आहे. कंपनीच्या मापाचा नवा सायलेन्सर, ताजी गॅस्केट, नवे रबरी हँगर आणि नीट ट्यून केलेला कार्बोरेटर. मऊ, भारदस्त गुणगुण येते. माझ्या मामांची होती, तो आवाज मला फार आवडायचा.

वुडवर्डकर, तुमच्या भणभणीकडे वळू. मागच्या अॅक्सलचा गिअर रेशो किती आहे?

वुडवर्डकर

२.९३. ताशी ५५ मैलांना २००० आरपीएमच्या जरा वर.

कानसेन

मग हिशोब सोपा आहे. व्ही-८ मध्ये एका फेऱ्याला चार स्फोट. २००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३.३ फेरे, गुणिले चार, १३३ हर्ट्झ. गाडीची पोकळी त्याच सुरात बोलायला लागली की भणभण.

आधी पाईप पूर्ण मागे न्या, बहुतेक निम्मी तक्रार तिथेच संपेल. तरी उरली तर प्रत्येक पाईपला एक बंद टोकाची फांदी जोडा, जे अक्षरासारखी. लाट आत जाते, बंद टोकावरून परतते आणि उलटी होऊन मूळ लाटेला मारते. त्यासाठी फांदीची लांबी लाटेच्या चौथ्या हिश्शाइतकी हवी. फांदीतला वायू वाहत नाही, म्हणून जरा थंड असतो. १५० अंश सेल्सिअस धरला तर ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ४१२ मीटर. ४१२ भागिले (४ गुणिले १३३), म्हणजे ७७ सेंटिमीटर, तीस इंच. ती फक्त त्या सुराच्या आसपासचंच खाते, आयडलच्या घुमाऱ्याला धक्का लागत नाही.

पाना_पक्कड

जे-पाईपला खालच्या अंगाला बारीक भोक ठेवा, नाहीतर पाणी साचून सडतो. आणि मिशिगनमध्ये साधा अॅल्युमिनाइज्ड पाईप घेऊ नका, ३०४ स्टेनलेस परवडत असेल तर तेच. ४०९ पण चालतं, वरून तांबूस होतं पण टिकतं. दुकानदार ३०४ म्हणून ४०९ देत नाही ना हे चुंबक लावून बघा, ४०९ ला चिकटतं.

जाता जाता, तुमच्या गाडीच्या घराण्यातली एक गोष्ट. १९७० च्या जीटीओला खुद्द पॉन्टिअॅकनेच डॅशबोर्डखाली एक नॉब दिला होता. ओढला की व्हॅक्यूमवर सायलेन्सरमधली झडप उघडायची आणि आवाज मोकळा व्हायचा. थोड्याच काळात कंपनीने तो बंद केला. तसा नॉब असलेली गाडी मी आयुष्यात एकदाच पाहिली. मालकाने ओढून दाखवला, तेव्हा मला बोलता येईना.

वुडवर्डकर

पाच आठवड्यांनी लिहितोय.

तुटलेला बोल्ट काढायला तीन संध्याकाळी गेल्या. दोन दिवस तेल पाजलं, मग उरलेल्या खुंटावर नट ठेवून आतून वेल्ड केला आणि लाल असतानाच पाना लावला. बाबांनी पान्यावर हात ठेवला होता, जोर लावला नाही, फक्त पुढे-मागे, पुढे-मागे, पाव फेरासुद्धा नाही. एकदम चर्र झालं आणि खुंट फिरला. ते अख्ख्या चेहऱ्याने हसले.

रॅम एअरच्या प्रतीचे बिडाचे मॅनिफोल्ड घातले, पोर्ट डी निघाले. अडीच इंची ३०४, मँड्रेल वळणं. रंगाचा पट्टा मारला. घराजवळ रेस ट्रॅक नाही, म्हणून सकाळी सहाला फ्रीवेवर नेली. रंग गिअरबॉक्सच्या मागे साधारण एक फुटावर पूर्ण करपला होता, पाना_पक्कड म्हणाले तिथेच. एच तिथे घातला. टर्बो सायलेन्सर, आणि शेपटं अॅक्सलवरून बंपरच्या बाहेर. अलार्म मागच्या सीटवर एक तास ठेवला, शून्य. डिकीचं रबरही नवं.

आवाज. सगळं बसवून पहिल्यांदा सुरू केली तेव्हा मी गाडीत नव्हतो, मुद्दाम मुलाला चावी दिली आणि मागे वीस फुटांवर उभा राहिलो. सुरुवातीला वाटलं फार हळू आहे, चुकलं काहीतरी. मग गॅरेजच्या पत्र्याच्या दाराला हात लागला, तर दार हाताखाली धडधडत होतं. कानाला सौम्य आणि हाताला तो. मुलाने जरा अॅक्सिलरेटर दिला, घुमाऱ्याची गर्जना झाली, वर कुठेही फाटली नाही. बायको दारात आली होती. म्हणाली, हाच का तो? मी मान हलवली. रविवारी अॅन आर्बरला जाऊन आलो, ती शेजारी बसून आली, आणि वाटेत आम्ही नेहमीच्या आवाजात बोलत होतो.

५५ ला किंचित गुणगुण अजून आहे, त्रास नाही पण ऐकू येते. शनिवारी जे-पाईप वेल्ड करतोय. कानसेन, तीस इंच कुठून कुठपर्यंत धरायचे?

कानसेन

मुख्य पाईपच्या भिंतीपासून बंद टोकाच्या आतल्या पत्र्यापर्यंत, वळणाच्या मध्यरेषेवरून मोजा. आधी टोक वेल्ड करू नका. पाईप ३४ इंचांचा घ्या, आत सरकणारं बूच टाकून क्लँपने तात्पुरतं बसवा आणि ५५ ला चालवून बघत अर्ध्या-अर्ध्या इंचाने सरकवा. बरोबर जागा आली की गुणगुण एकदम खाली बसेल. मग खूण करून कापा आणि वेल्ड करा. भोक विसरू नका.

वुडवर्डकर

चौतीसच कापतो. बूच सरकवायला बाबा आहेत.